मदत हवी आहे: जोडीदाराला मारणारा 'सुधारला' हे मोजायचं कसं?

एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेवरच्या उपचारांचा आढावा लिहितेय. फक्त प्रकाशित संशोधनावर. मुलाखतींना परवानगी नाही, तो पर्याय नको.

घोडं अडलंय मोजमापावर. डुलुथ मॉडेल (मारणाऱ्या पुरुषांना गटात बसवून त्यांची सत्ता गाजवण्याची वृत्ती बदलू पाहणारा कार्यक्रम) काय आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) काय, बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) दोन्हींचा परिणाम लहानच निघाला. पण एका अभ्यासात सुधारणा म्हणजे पोलिसांकडे पुन्हा नोंद न होणं, तर दुसऱ्यात बायकोने सांगितलेलं. नोंद नाही म्हणजे हात उगारला नाही, असं थोडंच आहे? त्यात मधेच गट सोडून गेलेल्यांना काही जण हिशेबातच धरत नाहीत. माझ्या तक्त्यातला 'परिणाम' हा रकाना चार वेळा खोडून झालाय.

जॉन्सन यांची 1995 ची विभागणी (धाकात ठेवणारी हिंसा वेगळी, भांडणातून उसळणारी वेगळी) लावून पाहिली, पण हाती लागलेल्या बहुतेक निबंधांत तेवढा तपशीलच नाही. गाईड म्हणतात, सगळं एकत्र कर. मला पटत नाही.

पोलिस नोंदी आणि जोडीदाराचं सांगणं वेगवेगळ्या तक्त्यांत मांडू, की एक मुख्य धरून दुसरं पूरक ठेवू? आणि गळालेल्यांना 'सुधारणा नाही' असं धरलं तर चालेल का?