मदत हवी आहे : वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याचा रिपोर्ट आलाय, फोटोत नेमकं काय दिसतंय?

घडमोजणी :

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, आधीच सॉरी. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग, मी नोकरीसाठी पुण्यात. वडील (आण्णा, वय 61) यांना शुगर होऊन बारा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत, बीपीची गोळी आठवण येईल तेव्हा. वर्षभर म्हणत होते उजव्या डोळ्याला अंधुक दिसतंय, तर एका चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झाला, दोन्ही वेळा पैसे गेले आणि वर 'मोतीबिंदू आहे, पिकू दे' असं ऐकून आम्ही आठ महिने गप्प बसलो.

गेल्या महिन्यात गावात शिबिर झालं. तिथं एका छोट्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि कॉम्प्युटरनेच सांगितलं म्हणे की पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. मग मिरजेला नेलं. थेंब टाकून बाहुली मोठी केली, डोक्याला लाईट लावून भिंगातून बघितलं, फोटो आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) झालं. रिपोर्टमध्ये लिहिलंय, उजवा डोळा मॉडरेट एनपीडीआर सोबत डीएमई, सीडीआर 0.4, नजर 6/18. डावा माईल्ड एनपीडीआर, सीडीआर 0.6, नजर 6/9. दोन्हीकडे मोतीबिंदूची सुरुवात.

डॉक्टरांनी समजावलं असणार, पण सोबत चुलतभाऊ होता, त्याने घरी येऊन एवढंच सांगितलं की डोळ्यात इंजेक्शन मारायचंय. झालं, आण्णा तिथंच फिरले. "मला दिसतंय की सगळं, डोळ्यात सुई कोण घालून घेतंय."

उजव्या डोळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आलाय. केशरी गोल आहे, उजव्या बाजूला फिकट पिवळी चकती, तिच्यातून लाल फांद्या फुटल्यात, मधोमध काळपट भाग आणि त्याच्या कडेला हळद सांडल्यासारखे पिवळे ठिपके. पेनाचं टोक टेकवल्यासारखे लाल टिंबपण आहेत बरेच. यातलं शुगरचं कुठलं, बीपीचं कुठलं, मोतीबिंदू कुठं दिसतो आणि आधी मोतीबिंदू काढून टाकला तर हे सगळं मिटेल का? कुणी सांगेल का साध्या भाषेत?

सातारी_कंदी :

दादा, मी साताऱ्यात डोळे तपासणीचंच काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार डॉक्टरांनाच विचारा, पण फोटो वाचायला मदत करू शकते.

ती पिवळी चकती म्हणजे डोळ्याची नस मेंदूकडे जिथून निघते ती जागा. उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडेच, म्हणजे नाकाच्या बाजूला येते, ते बरोबर आहे. मधला काळपट भाग म्हणजे मॅक्युला, वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्या जिवावर. लाल टिंब म्हणजे शुगरने बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन आलेले फुगवटे, त्यातले काही फुटून रक्ताचे ठिपके होतात. रिपोर्टमधलं एनपीडीआर म्हणजे हेच, शुगरने पडद्याला झालेला त्रास, नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या आधीचा. त्या फुगवट्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, ती चरबी म्हणजे तुमची हळद. ती मॅक्युलाला चिकटून असेल तर सूज आहे का हे बघावंच लागतं, डीएमई म्हणजे तीच सूज. किती आहे ते ओसीटीत कळतं. पिवळे ठिपके म्हातारपणाच्या मॅक्युलाच्या आजारातपण दिसतात हां, पण त्यात असे रक्ताचे ठिपके आणि फुगवटे नसतात. बीपीचा पडदा वेगळा, त्यात धमनी कडक होते आणि जिथं ती शिरेवरून जाते तिथं शीर दाबल्यासारखी दिसते. ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे पट्टे आणि कापसासारखे पांढरे डागपण येतात, पण ते दोन्ही शुगरमध्येही दिसू शकतात, म्हणून नुसत्या डागावरून निकाल लावत नाहीत.

मोतीबिंदू पडद्यावर नसतोच. तो पुढच्या भिंगात असतो, तो जास्त असता तर फोटोच धुरकट आला असता. तुमचा फोटो एवढा स्वच्छ वाचता येतोय यावरूनच समजा की अंधुक दिसायचं खरं कारण मागे आहे. आणि सूज तशीच ठेवून मोतीबिंदू काढला तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते, म्हणून सहसा आधी सूज आटोक्यात आणतात.

एक विचारा आण्णांना. एकेक डोळा झाकून सरळ रेघ बघायला सांगा, वाकडी दिसते का?

घडमोजणी :

ताई, अंगावर काटा आला खरं सांगतो. दिवाळीपासून आण्णा बागेतल्या गड्याला बोल लावत होते, "मांडवाच्या तारा कुणी ढिल्या सोडल्यात रं, मधेच झोल पडलाय." तो बिचारा दोनदा ताणून आला. आता फोनवर सांगितलं एक डोळा झाका. उजवा झाकला तर तार सरळ. डावा झाकला तर झोल. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

कृष्णाकाठ :

शिबिरातल्या कॉम्प्युटरवर माझा काही विश्वास नाही, मशीनला काय कळतंय, सगळ्यांनाच 'दाखवा' म्हणून सांगत असेल.

सातारी_कंदी :

भाऊ, ते मशीन उपचार सांगत नाही, फक्त चाळणी लावतं. शुगरचा पडदा ओळखून थेट निकाल देणाऱ्या अशा एका यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) 2018 मध्येच परवानगी दिलीय. चुका होतात, बाहुली लहान असेल तर फोटोच नीट येत नाही. पण इथं तर मशीनने बरोबर सांगितलं आणि चुकलो ते आपण माणसंच.

बरं दादा, उजव्याच्या नादात डावा विसरू नका. सीडीआर म्हणजे त्या चकतीतला खळगा किती मोठा आहे ते. एका डोळ्यात 0.4 आणि दुसऱ्यात 0.6, हा फरक काचबिंदूचा संशय घ्यायला पुरेसा आहे. असेलच असं नाही, काहींची ठेवण तशीच असते. डोळ्याचं प्रेशर आणि फिल्ड टेस्ट करून घ्या, लाईट दिसला की बटण दाबायचं ती. प्रेशर नॉर्मल आलं तरी फिल्ड सोडू नका. काचबिंदूत समोरची नजर 6/9 इतकी चांगली राहून कडेकडेचं जात राहतं, माणसाला पत्ता लागत नाही.

उसाचा_फड :

माझ्या आईला झालीत अशी तीन इंजेक्शनं, पडद्याची सूज उतरवायला. बधिर करायचा थेंब टाकतात, बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागात अगदी बारीक सुई, आईला दाबल्यासारखं वाटलं तेवढंच. एकात भागत नाही पण, सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर दुसऱ्या वेळी परत फिरतील. तीन महिन्यांची शुगर, बीपी आणि किडनीची तपासणीपण करा, आमच्या आईची लघवीतून प्रोटीन जातायत हे डोळ्यामुळंच कळलं. आणि इंजेक्शननंतर डोळा दुखून लाल झाला, नजर कमी झाली, किंवा एरवीही अचानक काळे ठिपके नाहीतर पडदा सरकल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी गाठायचं.

घडमोजणी :

अपडेट देतो. काल मिरजेत पहिलं इंजेक्शन झालं, मी रजा टाकून गेलो होतो. आत जाताना आण्णांनी माझा हात धरला, बाहेर आल्यावर म्हणाले "झालं व्हय?" डाव्याचं प्रेशर 19, म्हणजे नॉर्मलमध्ये आलंय, फिल्ड टेस्ट पुढच्या खेपेला. मलापण थेंब टाकून बघितलं, वय 34, शुगर नाही, पडदा ठीक आहे, पण चार तास मोबाईल वाचता येत नव्हता.

एक राहिलं. डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यात पाणी, धूळ जाऊ द्यायची नाही सांगितलंय आणि इथं तर फवारणी चालू आहे. आण्णा म्हणतात ट्रॅक्टरवर बसून नुसतं बघतो. बसू देऊ का?

सातारी_कंदी :

अजिबात नाही. बांधावरसुद्धा नको, वारा कुठून सुटेल सांगता येत नाही.

घडमोजणी :

बरं. किल्ली माझ्या खिशात आहे.