क्रोशे : खांब कमी होत चाललेत, चौकोनाचा समोसा झालाय. मदत हवी आहे

चौरंगावर टाकायला रुमाल विणायला घेतलाय, घटस्थापनेआधी व्हायला हवा. महाद्वार रोडवरून पांढरा सुती दोरा आणला, सुई आजीची, स्टीलची. (आजीनं एके काळी टीव्हीपासून फ्रीजपर्यंत सगळ्यांना रुमाल घातलेत. आता तिला टाके दिसत नाहीत, बोटानं चाचपते आणि म्हणते, "लई आवळून विणतीयस.")

साखळी, मुका खांब (बुटका टाका), खांब (उंच टाका) एवढं येतं. 22 साखळ्या घातल्या, सुईपासून चौथ्या साखळीत खांब घालून शेवटपर्यंत गेले. सुरुवातीला सोडलेल्या 3 साखळ्यांचा एक खांब धरून 20 भरले. मग उलटवून 3 साखळ्या, पुढच्या खांबापासून सुरुवात, असंच दर ओळीला. सहाव्या ओळीला मोजले तर 15! दोन्ही कडा आत. मधला एकही खांब गाळलेला नाही, दोनदा उसवून पाहिलं. गळती कुठं आहे?

आणखी एक. एका व्हिडिओत 'डबल क्रोशे' म्हणून आपला खांब दाखवला, दुसऱ्यात त्याच नावानं मुका खांब. खरं कुणाचं?

प्रतिसाद

गळती ओळीच्या शेवटी आहे गं. उलटवून घातलेल्या 3 साखळ्या म्हणजे त्या ओळीचा पहिला खांब. पण परत येताना तो खांबासारखा दिसतच नाही, ओळ संपली असं वाटतं. त्याच्या सगळ्यात वरच्या साखळीत एक खांब घालायचा राहतोय. पाच ओळी, पाच खांब. तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवून ठेव, पिनेपाशी खांब पडल्याशिवाय उलटवू नकोस.

मुक्या खांबाचं मात्र वेगळं: 1 साखळी, ती मोजायची नाही, आणि लगेच पहिल्याच टाक्यात सुई घालायची. या दोन्हींची गल्लत करून मी अख्खा मफलर वाकडा विणलाय.

व्हिडिओ दोन्ही बरोबर. आपला मुका खांब अमेरिकन लोकांचा सिंगल, ब्रिटिशांचा डबल. आपला खांब अमेरिकन डबल, ब्रिटिश ट्रेबल. 'सिंगल क्रोशे' ऐकू आलं की अमेरिकन समज.

आजीचं ऐक. आवळलेल्या साखळीत सुई शिरत नाही.

धागाकर्ती

सगळं उसवलं. वरच्या साखळीत सुई खरंच शिरेना, मग साखळ्या सैल घातल्या. 20, 20, 20, 20. आजीच्या हातात दिलं, तिनं कडेवरून बोट फिरवलं. "आता कसं!" झालरीचं उद्या विचारते.