एमपीएससीचा पेपर पुढे ढकलला, डोकं फिरलं: आता स्वतःला सांभाळायचं की लोकसेवा आयोगाला जाब विचारायचा?

नवीपेठ_रिटर्न
स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांची एक खोड आहे. टेस्ट सिरीजला मार्क कमी पडले की शिक्षा आपल्याच शरीराला. झोप कापायची, मेसचा एक डबा बंद, मित्राच्या लग्नाला नाही, घरी फोन नाही. अभ्यासिकेत उघडायच्या वेळी जागा धरायची आणि बंद होताना उठायचं, मधले चार तास एकाच पानावर गेले तरी बेहत्तर. लोक याला शिस्त म्हणतात. मला तो राग वाटतो. आयोगावर काढता येत नाही म्हणून स्वतःवर काढलेला.

दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, हे संशोधनातून केव्हाच पुढे आलंय. म्हणजे राज्यघटनेची कलमं रात्री दोनपर्यंत घोकून पहाटे पाचला उठणारा आपल्याच अभ्यासावर पाणी सोडतो. डोकं बंद पडलं की उठा, पर्वतीची टेकडी चढून या, आंघोळ करा, पोटभर जेवा, मग पुन्हा तेच प्रकरण उघडा. विहीर उपसली की पाझर यायला वेळ द्यावा लागतो. स्वतःची अशी काळजी अभ्यासातच धरावी, निकालानंतरच्या बक्षिसात नको.

कापूसकोंड्या
विहीर झकास. पण पाऊसच पडला नाही तर?
५ एप्रिल २०२० ची आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा ढकलत ढकलत मार्च २०२१ मध्ये आली. १४ मार्चचा पेपर होता, तोही ११ तारखेला पुढे ढकलला. पोरं पुण्यात शास्त्री रोडवर उतरली म्हणून दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख मिळाली. त्या दुपारी सगळे मन शांत करायला पर्वतीवर गेले असते तर? दुखणं आयोगाचं आणि पथ्य आम्ही पाळायचं, हा कुठला न्याय? 'स्वतःला जपा' सांगणारा माणूस नकळत 'गप्प बसा' सांगत असतो.

नवीपेठ_रिटर्न
गप्प बसा कोण म्हणतंय? बसा की रस्त्यावर. पण पुढचंही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली. आंदोलन झालं, पेपर पुढे गेला आणि १ डिसेंबरला झाला. आंदोलन जिंकलं, कबूल. पण ते मधले तीन महिने खोलीभाडं, मेस आणि घरच्यांचे फोन झेलत पोरांनीच काढले ना? मी त्या तीन महिन्यांबद्दल बोलतोय. तिथे घोषणा कामाला येत नाहीत.

टपरीविरोधी
मला दोघांचंही पटत नाही. पुण्याच्या या पेठांमध्ये काळजी घेणाऱ्यांचीच गर्दी जास्त झालीय. 'डोकं जड झालंय' म्हणत चहाला जायचं, दोन तास कटऑफवर चर्चा करायची, खोलीवर येऊन रील्स बघायच्या, आणि वर म्हणायचं 'बर्नआउट'. जे पास झाले ते कंटाळा आला तरी बसून राहिले. मीही त्यातलाच. ज्याला बसणं जमत नाही त्यानं हा मार्गच सोडावा, त्यात कमीपणा कसला?

लातूरची_ताई
समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं बोलते. टपरीविरोधी दादांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. कटऑफवर दोन तास चर्चा ही विश्रांती नव्हेच, ती तीच काळजी पुन्हा उगाळणं झालं. माणूस उठतो तेव्हा जास्तच थकलेला असतो. चालून आल्यावर किंवा झोपून उठल्यावर तसं होत नाही. स्वतःला एवढंच विचारायचं, की परत आल्यावर पुस्तक उघडावंसं वाटतं का.

आणि 'मन लागलं की बसेन' याची वाट बघू नका. उदासीच्या उपचारात क्रम उलटा धरतात: आधी छोटी कृती, मूड मागून येतो. एक जुना प्रश्न सोडवा, कपडे धुवा, बाहेर पडून भाजी आणा. काहीही, पण ठरल्या वेळी.
मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडली, कशातच रस वाटेना, जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर पर्वती पुरणार नाही. डॉक्टर गाठा. 'पास झालो की आपोआप बरं होईल' हे मी फार ऐकते, आणि त्याचीच मला सगळ्यात भीती वाटते.

कापूसकोंड्या
ताई, डॉक्टर गाठा म्हणजे पैसे गाठा. एका बैठकीची फी ऐकली की मेसचे डबे मोजायला लागतो आम्ही.

लातूरची_ताई
म्हणूनच १४४१६ लिहून ठेव. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवायचं. रांग असते, ते मान्य.

टपरीविरोधी
एवढं असेल तर माझी हरकत नाही. आजार वेगळा, कंटाळा वेगळा. माझं भांडण कंटाळ्याशी आहे.

नवीपेठ_रिटर्न
आणि तो वेगळा आहे हे टपरीवर उभं राहून तुम्हाला कसं कळतं? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात हो.

हिंगोलीचा_बाप
पोरगं तिकडं पुण्यात आहे. आम्ही फोन केला की दोन मिनिटांत ठेवतंय. 'अभ्यास कसा चाललाय' हे सोडून काय विचारावं, ते तरी सांगा कोणी.

नवीपेठ_रिटर्न
काका, सोयाबीनचं सांगा, म्हशीचं सांगा, गावात कोणाचं भांडण झालं ते सांगा. परीक्षेचं त्यालाच काढू द्या.

कापूसकोंड्या
आणि त्यानं काढलंच, तर त्याच्यासोबत आयोगाला दोन शिव्या घाला, काका. तेवढी काळजी मलाही मान्य आहे.