जुळी देणाऱ्या शेळ्यांच्या पाठी (मादी करडं) ठेवूनही कळपात जुळी का वाढत नाहीत?

प्रश्न:
उस्मानाबादी शेळ्या, चाळीसचा कळप. वेताला (एका विण्याला) सरासरी १.५ करडं. दोन करडं देणाऱ्या शेळ्यांच्याच पाठी पैदाशीला ठेवल्या, तरी पुढच्या पिढीत आकडा हलत नाही. निवड कुठे चुकते?

उत्तर १:
निवड बरोबर आहे, अपेक्षा मोठी आहे. पुढच्या पिढीतली वाढ म्हणजे आनुवंशिकता (फरकातला आईबापांकडून पिल्लांत उतरणारा वाटा) गुणिले निवडलेल्यांच्या आणि कळपाच्या सरासरीतला फरक. करडांच्या संख्येची आनुवंशिकता जेमतेम ०.१, बाकीचा फरक बहुतांशी वय, खुराक आणि हंगामाचा. तुमचा फरक २ वजा १.५, म्हणजे ०.५, म्हणून वाढ ०.०५. बोकड निवडलेला नसेल तर त्याचीही निम्मी, ०.०२५. चाळीस वेतांमागे एक करडू! एवढं हंगामाच्या चढउतारात दिसतच नाही. सहा महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता ०.२ ते ०.३ असते, तिथे हीच निवड लवकर दिसते.

उत्तर २:
वरच्या हिशेबात भर. पहिल्या वेताला बहुतेक शेळ्या एकच करडू देतात, तिसऱ्या-चौथ्याला जुळी वाढतात. त्यामुळे वेत न पाहता निवडलं तर फक्त वयस्कर शेळ्या निवडल्या जातात. तुलना त्याच वेताच्या, त्याच हंगामातल्या शेळ्यांशी करा. एका वेताऐवजी तीन वेतांची सरासरी धरलीत, तर प्रगती साधारण दीडपट होते.

आणि बोकड! प्रत्येक करडाचे निम्मे जनुक त्याचे. ज्याच्या आईची तीन वेतं चांगली आहेत असा बोकड बाहेरच्या कळपातून आणा आणि त्याच्या लेकी माजावर यायच्या आत बदला. बाप-लेकीच्या करडांत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) २५ टक्के होतं. जुळी घटतात, मरतूक वाढते.

उत्तर ३:
मेंढ्यांत एक वेगळी वाट आहे. सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतलं फेक-बी हे एकच जनुक जुळ्यांचं प्रमाण बरंच वाढवतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. रक्ताच्या डीएनए चाचणीने जनुक थेट कळतं, त्यामुळे कोकरू लहान असतानाच निवड करता येते.

प्रश्नकर्ता:
मग निसर्गाने आजवर जुळी का वाढवली नाहीत?

उत्तर १:
कारण निसर्ग जन्म मोजत नाही, जगलेली पिल्लं मोजतो. तिळी करडं कमी वजनाची जन्मतात, दूध पुरत नाही, दुष्काळी वर्षात आईही खंगते. म्हणून निवड मधल्या आकड्यावर थांबते. तुम्हीही नोंदवहीत जन्मलेल्यांशेजारी तीन महिन्यांना जिवंत असलेल्या करडांचा रकाना ठेवा आणि पाठी त्यावरून निवडा.