मारिओचे संगीत वाद्यवृंदाने वाढले की हरवले?

मालवणकर: 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमपासून 2007 च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’पर्यंत या मालिकेचे संगीत कितीही संपन्न झाले असले, तरी चालीच्या बाबतीत ते मागे आले, असे माझे मत आहे. अख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवायचा, सुरांसाठी मोजून तीन वाहिन्या (एका वेळी एकच सूर वाजवणारे मार्ग) आणि ठेक्यासाठी एक खरखर, अशा तंगीत संगीतकार कोजी कोंदो यांना एकही स्वर वाया घालवणे परवडणारे नव्हते. म्हणूनच ती चाल नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटींतून आमच्या वाडीपर्यंत पोहोचली आणि टिकली. गॅलेक्सीतला वाद्यवृंद भव्य खरा, पण त्यातले किती तुकडे आपल्याला गुणगुणता येतात?

खाडीपलीकडची: हा निकषच मला मान्य नाही. तोच तुकडा तासन् तास कानांवर पडला की कोणतीही चाल पाठ होते! गेमचे संगीत खेळणाऱ्याच्या हालचालीला किती साथ देते, हे पाहायला हवे. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (1990) योशी या डायनासोरच्या पाठीवर बसताच त्याच चालीत बोंगो (हाताने वाजवायचे छोटे ढोल) मिसळतात, ‘सुपर मारिओ 64’मध्ये (1996) पाण्याच्या टप्प्यात बुडी मारली की सुरावट भरत जाते. आपल्या दशावतारात पखवाजवाला नटाच्या पावलावर नजर ठेवून ठेका फिरवतो, तसेच हे आहे. तिथे वाद्ये किती आहेत, हे कोण मोजतो?

मालवणकर: दाखला उत्तम आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. उरलेल्या वेळेचा आकडा 100 च्या खाली आला की चाल धावू लागणे आणि मारिओला अजिंक्य करणारा तारा मिळताच ती बदलणे, हे दोन्ही 1985 मध्येच होते. उलट आधी ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद खेळणाऱ्याकडे बघू शकत नाही. (अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2023 मध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत प्रथमच गेमचे संगीत घेतले, तेही त्या पहिल्या मारिओचेच.)

खाडीपलीकडची: त्या चार वाहिन्यांची किंमतही सांगा ना. उडीचा किंवा नाण्याचा आवाज आला की संगीताची एक वाहिनी तेवढ्यापुरती हिसकावली जाई आणि चालीला भोक पडे. ती उणीव पुढच्या यंत्रांनी भरून काढली. शिवाय गॅलेक्सीत चेंडूवर तोल सांभाळत जायच्या टप्प्यात चेंडूच्या वेगानुसार संगीताची लय आणि पट्टी दोन्ही बदलतात. खेळणाऱ्याकडे इतके बारीक लक्ष 1985 च्या गेममध्ये कुठे होते?

मालवणकर: नव्हते, हे कबूल. मात्र त्या चेंडूच्या टप्प्याचे संगीत वाद्यवृंदाने वाजवलेलेच नाही. ते जुन्या पद्धतीने यंत्रातच रचलेले आहे, आणि म्हणूनच त्याला चेंडूमागे धावता येते.