स्कीचा पहिला आठवडा : कोणता दिवस बिघडला, कोणत्या दिवशी जमलं?

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ४६ व्या वर्षी, मी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले. सहा दिवसांची शिकवणी, रोज सकाळी अडीच तास, गटात आठ जण. येत्या हंगामात माझी धाकटी बहीण जाणार आहे. तिने विचारलं, "ताई, त्या आठवड्यात नक्की होतं काय?" सांगायला बसले आणि लक्षात आलं की मला फक्त माझाच आठवडा माहीत आहे. म्हणून हा धागा. डोंगरावर राहून अशी शिकवणी घेतलेल्या सगळ्यांनी लिहा. सल्ला जरूर द्या, पण आधी काय घडलं ते सांगा. कोणत्या दिवशी सगळं टाकून खोलीवर जावंसं वाटलं, कोणत्या दिवशी जमलं, शिक्षकाचं कुठलं वाक्य कामी आलं. ज्यांना जमलं नाही त्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते.

माझे पहिले दोन दिवस बुटांपायी गेले. पाय गार पडतील म्हणून मी दोन-दोन मोजे चढवले आणि ते मावावेत म्हणून एक माप मोठे बूट भाड्याने घेतले. दोन्ही चुकलं. दोन मोज्यांना आत सुरकुत्या पडतात, त्या नडगीत रुततात, रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. दुसऱ्या संध्याकाळी माझ्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे वळताच येईना. मी पाय वळवायचे, तो बुटाच्या आतल्या आत फिरायचा आणि स्की आपली सरळ जात राहायची. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी वर्गाआधी बूट बदलायला गेले. तिथल्या बाईंनी मोजे काढायला लावले आणि पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजलं. स्कीच्या बुटांचं माप असंच असतं. गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ मोजा, आणि बुटात त्याशिवाय काही म्हणजे काही जाता कामा नये, आतल्या गरम पायजम्याचा काठसुद्धा नाही. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती मागे सरून मोकळी व्हावीत. बूट घट्ट वाटले, जवळजवळ नकोसे. पण त्या सकाळी मी पाय वळवला आणि स्की वळली. उतार तोच होता, शिक्षिकाही तीच.

आता तुम्ही लिहा.

*

ताई, चांगला धागा. माझा बिघडलेला दिवस दुसरा.

पहिल्या दिवशी सपाटीवर चालणं, एका पायावर स्की लावून घसरणं, आडव्या पावलांनी चढणं, एवढंच होतं आणि ते मजेत झालं. दुसऱ्या दिवशी उतार आला. स्कीची पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या एकमेकींपासून दूर, म्हणजे स्नोप्लाऊ. मुलांना शिकवताना त्यालाच पिझ्झा म्हणतात, आमच्या शिक्षकाने आम्हा मोठ्यांनाही तोच शब्द दिला. आकार मला येत होता, पण वेग वाढला की मी मागे झुकायचो. भीती वाटली की अंग मागे जातं, हे अगदी नैसर्गिक आहे, आणि स्कीवर तेच घातक. वजन शेपटीवर गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, बर्फावरची पकड सुटते, वळण येत नाही, आणि ज्या वेगाला भिऊन मागे गेलो तोच वाढतो.

शिक्षकाने माझे पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, काढून घेतले. म्हणाला, हात गुडघ्यांवर ठेव आणि बुटाची जीभ नडगीने चिरडायची आहे असं समज. मग तो माझ्यापुढे, माझ्याकडे तोंड करून, उलटा घसरत राहिला. खाली दरी दिसत होती ती त्याच्यामुळे झाकली गेली. मी त्याच्या छातीकडे बघत उतरलो आणि तळाशी थांबलो. स्वतःहून, कुंपणाला न धडकता.

मला अजून ती भावना आठवते. आयुष्यभर घसरायला लागलं की मागे रेलायची सवय असते. इथे जिकडे भीती आहे तिकडेच छाती न्यायची. सहा दिवसांत हे मला पूर्णपणे आलं असं म्हणणार नाही, पण शिकवणीचं मूळ तिथेच आहे.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून थोडा इतिहास, कारण मला तो आमच्या इन्स्ट्रक्टरकडून चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्चीत, बसल्या बसल्या ऐकायला मिळाला आणि मग मी वाचत गेले. आधी स्नोप्लाऊ, मग एक स्की उघडून वळण, मग हळूहळू दोन्ही समांतर, हा क्रम आणि येतं तेवढ्यावरून गट पाडायची पद्धत रुजवण्यात ऑस्ट्रियाच्या हानेस श्नायडरचा मोठा वाटा. आर्लबर्ग भागातल्या सांक्ट आन्टोनला त्याने १९०७ मध्ये शिकवायला सुरुवात केली. १९३८ मध्ये नात्झींनी त्याला तुरुंगात टाकलं, पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला आणि तिथेही शिकवत राहिला. आपण पहिल्या सकाळी ज्या रांगेत उभे राहतो, ती रांग त्याच्यापासून चालत आली आहे.

माझे मामा फार पूर्वी शिकले. तेव्हा हात डोक्यावर सरळ उंच केल्यावर मनगटाशी पोचेल इतकी लांब, सरळ स्की देत. मला मिळाली ती हनुवटीपर्यंतची, आणि मध्ये अरुंद. कमरेत बारीक असलेली ही स्की १९९० च्या दशकात सर्वत्र आली. कडेवर कलती केली की ती तिच्या आकारानेच वळते. मामांना जे जमायला दोन हंगाम लागले ते मला पाचव्या दिवशी थोडं थोडं जमलं, यात माझं श्रेय कमी आणि स्कीचं जास्त आहे.

*

मी स्वतः शिकले नाही, पण माझा मुलगा सहाव्या वर्षी शिकला तेव्हा आठवडाभर कुंपणापलीकडे उभी होते.

पहिले दोन दिवस तो रडला. जमिनीलगत सरकणारा पट्टा असतो, मुलं त्यावर उभी राहून वर जातात. तो पट्ट्यावर चढायचा, वळून मला बघायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. शिक्षिकेने अतिशय हळू आवाजात मला सांगितलं, "तुम्ही दिसलात की त्याला आठवतं की घाबरायचं आहे." मला ते लागलं. तिसऱ्या दिवशी मी त्याला सोडून सरळ निघून गेले आणि तास संपेपर्यंत मागे वळले नाही. परत आले तर तो आपला आपण उभा राहत होता. पडलं की आधी दोन्ही स्की आपल्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणायच्या, मगच उठायचं. हे त्याने मला घरी चटईवर करून दाखवलं.

लहान मुलांना सुरुवातीला पोल देत नाहीत, त्याची काळजी करू नका. आणि पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे हातमोजे गरम राहतात, घालायलाही सोपे. जास्तीचा एक जोड खिशात ठेवा.

*

चेअरलिफ्ट! माझा बिघडलेला दिवस तिसरा, आणि तो सगळाच्या सगळा लिफ्टने बिघडवला.

चढताना काही झालं नाही. वर पोचल्यावर उठायला मी क्षणभर उशीर केला, पडलो, मागची खुर्ची आली आणि लिफ्ट थांबवावी लागली. तारेवर लटकलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. पुढच्या खेपेला मी रांगेतूनच माघारी फिरलो आणि दुपारभर खालच्या छोट्या उतारावर एकटा राहिलो.

चौथ्या दिवशी गटातल्या एका आजोबांनी मला शेजारी बसवून घेतलं. वर येताना ते एकेक गोष्ट सांगत होते. आता अडसर वर घे. स्कीची टोकं उचल. बर्फाकडे नको, समोर बघ. बर्फ स्कीला लागला की फक्त उभा राहा, चालू नको, खुर्चीच तुला ढकलेल. आणि उतरलास की तिथे थांबू नको, बाजूला हो. झालं. एवढंच होतं ते! खाली लिफ्टवाल्याला "पहिलीच वेळ आहे" असं सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी तो खुर्चीचा वेग कमी करतो, हेही त्यांनीच सांगितलं.

जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला बसली. ती ज्याने आखली त्या रेल्वेच्या इंजिनिअरने आधी जहाजावर केळ्यांचे घड चढवायची यंत्रणा केली होती. केळी अडकवायचे हुक काढून तिथे खुर्च्या लावल्या. हे मला त्याच रात्री वाचायला मिळालं आणि का कोण जाणे, लिफ्टची धास्ती निम्मी झाली.

*

पहिल्या दिवशी ढग होते म्हणून मी गॉगल लावला नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढला. ताजा बर्फ सूर्याचे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि ढगांतूनही ते येतातच. त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे होत असताना कळत नाही. बहिणीला सांगा, गॉगल रोज. उन्हाचं मलम हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही.

*

मला लिहायचं की नाही ठरत नव्हतं, पण बहीण जाणार आहे म्हणून लिहितो.

पाचवा दिवस, दुपार. वर्ग संपला होता, मी एकटा अजून एक फेरी मारायला गेलो. सकाळी रात्रभराच्या थंडीने बर्फ कडक असतो, दुपारी उन्हाने तो जड आणि ओला होतो, स्की त्यात रुतते. पाय थकलेले होते. एका वळणावर डावी स्की रुतली, अंग फिरलं, स्की सुटली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट दुखावलं.

स्की का सुटली नाही, याचं उत्तर मला नंतर सापडलं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड. ती किती जोरावर सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून ठरवतात. अर्ज भरताना मी 'शिकाऊ'वर खूण करायला लाजलो आणि मधल्या श्रेणीवर केली. म्हणजे बाइंडिंग माझ्या गरजेपेक्षा घट्ट बसवून घेतलं, आणि ते मीच करवून घेतलं. नीट बसवलेलं बाइंडिंगही प्रत्येक वेळी गुडघा वाचवतंच असं नाही, पण मी ती संधीच दिली नाही. कृपा करून त्या कागदावर खरं वजन आणि खरी पातळी लिहा.

मागून येणाऱ्या एका मुलीने थांबून माझ्या वरच्या बाजूला तिच्या दोन स्की फुलीसारख्या रोवल्या. इथे कोणी पडलंय याची ती जगभरची खूण. मग बचाव पथक स्लेज घेऊन आलं. त्या मुलीचं नाव मी विचारलंच नाही. अडीच महिन्यांनी मी नीट चालायला लागलो.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागायचे दहा नियम आहेत, बहिणीने जाण्याआधी वाचावेत. दोन तर पाठच करावेत. पुढे असलेल्याचा हक्क पहिला, मागच्याने त्याला सांभाळायचं. आणि थांबायचं तर कडेला, अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या जागी नाही.

*

दादा, लिहिलंत म्हणून फार आभार. बहिणीला तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. ती विचारते आहे की आधी व्यायाम कोणता करावा.

*

ताई, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं राहायचं. मांड्या थरथरेपर्यंत. रोज. दीड-दोन महिने आधीपासून. जिने उतरणं चढण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

*

जमलं नाही त्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून.

मी चौथ्या दिवशी सोडलं. गटातले बाकी सगळे माझ्याहून पुढचे होते. ते खाली थांबून वाट बघत, मी पोचले की लगेच निघत, म्हणजे मला श्वास घ्यायलाही वेळ नाही आणि त्यांना मात्र भरपूर विश्रांती. खालच्या गटात टाका म्हणून मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा "जमेल, जमेल" असं उत्तर मिळालं. नाही जमलं. आता वाटतं, पहिल्याच दिवशी हटून बसायला हवं होतं. गट बदलून मागण्यात कमीपणा नाही, आणि ज्याने पैसे भरलेत त्याने तो मागावाच.

उरलेले दोन दिवस मी क्रॉसकंट्री केलं. पातळ, हलकी स्की, टाच मोकळी, देवदारांमधून आखलेल्या सपाट वाटा. कोणी वाट बघत नव्हतं. एका वळणावर कोल्ह्याची ताजी पावलं सापडली, ती वाटेच्या कडेकडेने बरीच लांबवर गेली होती. मी पुन्हा जाईन ती यासाठीच.

*

माझा जमलेला दिवस शेवटचा, सहावा.

त्याआधीच्या दुपारी धुकं होतं. सपाट उजेड म्हणतात तसा, सावली पडत नाही, उंचवटा दिसत नाही, स्कीखाली काय आहे ते पायालाच कळतं. सारखी पडत होते. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "डोळे कामाचे नाहीत तर तळव्याने वाचा. वळताना बाहेरच्या पायावर उभ्या राहा, फक्त तेवढंच." उजवीकडे वळायचं तर वजन डाव्या पायावर. पाच दिवस ऐकत होते, पण त्या धुक्यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून पहिल्यांदा फक्त तेवढंच केलं.

सहाव्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. रात्री यंत्राने सारखा केलेला बर्फ कंगव्याने विंचरल्यासारखा दिसत होता. आमचा पहिला निळा उतार. तिथे हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, मग लाल, मग काळा. रंग त्या त्या डोंगरापुरता असतो, एका ठिकाणचा निळा दुसरीकडे लाल वाटू शकतो, हे ध्यानात ठेवा. इन्स्ट्रक्टर पुढे गेले आणि बोलले नाहीत, नुसता पोलने डोंगराचा पायथा दाखवला. मी बाहेरच्या पायावर उभी राहिले. वळले. पुन्हा उभी राहिले. स्कीखाली कापड फाटावं तसा आवाज येत होता आणि बाकी काहीच नव्हतं. अर्ध्यात कुठेतरी माझा पिझ्झा मिटला होता, दोन्ही स्की शेजारी शेजारी चालल्या होत्या, आणि हे मला खाली पोचल्यावर दुसऱ्यांनी सांगितलं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून कोणाला लिहायचं असेल तर धागा उघडाच आहे.

बहिणीने काल रात्री कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखलं, पट्टीने मोजलं आणि मला फोटो पाठवला. डावं २४, उजवं २४.५.