दहावी, आरपी आणि लेखनिक : मुलगी 'नको' म्हणून बसलीय

शिलाईमशीन

नमस्कार. कराडजवळच्या गावात राहते, घरीच शिवणकाम करते. मुलगी दहावीला आहे. तिला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. सहावीत असताना कळलं. त्याआधी आम्ही तिला धांदरट म्हणायचो. लहानपणी माझ्या मशीनखाली बॉबीन पडली की हीच पटकन शोधून द्यायची. मग एका वर्षी असं व्हायला लागलं की बॉबीन हिच्या पायाशी आणि ही सगळी फरशी हाताने चाचपतेय. मला वाटायचं, अभ्यास टाळायला नाटकं करते. एकदा त्यावरून पाठीत धपाटाही घातलाय. असो.

आता असं आहे की समोरचं अक्षर ती वाचते, पण एका वेळी तीन-चार शब्दच दिसतात. ओळ संपली की पुढची ओळ हरवते, म्हणून पट्टी ठेवून वाचते. खिडकीतून ऊन आलं की कागद नुसता चमकतो. परवा सराव परीक्षेत मराठीचा ८० चा पेपर तीन तासांत जेमतेम ५० मार्कांचा लिहून झाला. त्या पन्नासात ४४ पडले. म्हणजे येत नाही असं नाही.

शाळेत लेखनिकाचं विचारलं तर सर म्हणाले, "ती वाचते की! तिला कशाला रायटर?" आणि मुलगी सरांच्या पुढची. म्हणते, रायटर आंधळ्यांना असतो, मला नको. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अपंगत्वाचा दाखला अजून काढलेला नाही. सासूबाईंचं म्हणणं, एकदा शिक्का बसला की बसला, उद्या लग्नाचं बघायचंय. तर दाखल्याशिवाय काही होतं का? मीच लेखनिक म्हणून बसले तर चालेल का? आणि हिला समजावू कशी?

घंटा_झाली

निवृत्त शिक्षक आहे, केंद्रसंचालक म्हणूनही काम केलंय. ताई, आई चालत नाही. दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो आणि त्याच्या मुख्याध्यापकांचं तसं पत्र लागतं. अर्ज मुलीच्या शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. सातारा जिल्हा म्हणजे तुमचं कोल्हापूर. हे लवकर करा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी लेखनिक शोधत फिरणारे वडील मी पाहिलेत, नववीतल्या पोराला आंघोळीवरून उचलून आणलेलंही पाहिलंय.

दाखला हवाच. आणि त्यावर अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली भरलं तर काही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टॉर्चवाली

ताई, मलाही आरपी आहे. पुण्यात बँकेत नोकरी करते. बॉबीनचं वाचून पोटात गलबललं. आमच्या घरी बॉबीनच्या जागी पाण्याची कळशी होती. उंबऱ्यापाशी ठेवलेली कळशी मी आठवड्यातून एकदा तरी लवंडायचे आणि प्रत्येक वेळी "डोळे आहेत की बटणं" हे ठरलेलं.

आधी सरांचं ते 'ती वाचते की'. हे वाक्य मी जन्मभर ऐकतेय. पुण्याच्या सिटी बसमध्ये एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर मेसेज वाचतेय, एवढं दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, सोंग आहे. लोकांच्या डोक्यात दोनच खण आहेत, डोळस आणि आंधळा. आरपीमध्ये आधी रात्रीचं जातं, मग कडेचं जातं, मधलं बराच काळ राहतं. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावा आणि दळण निवडून बघा. खडा दिसेल. सूप कुठे संपलं ते कळणार नाही.

कायद्याला हे माहीत आहे, शाळेला नसलं तरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दोन रस्त्यांनी केलीय. चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही ६/१८ च्या वर दिसत नसेल (म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरूनच दिसत असेल), किंवा बघण्याचं क्षेत्र ४० अंशांहून कमी असेल. मधला तो 'किंवा' तुमच्या मुलीसाठी आहे. क्षेत्र १० अंशांच्या आत आलं तर कायद्याने ते अंधत्वच धरतात, मग माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा का वाचेना. म्हणून दाखल्याला जाताना फील्ड टेस्टचा रिपोर्ट हवाच हवा. टोपल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मुलीला आधी सांगून ठेवा की बराच वेळ काहीच दिसणार नाही आणि त्यात घाबरायचं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं यंत्र बंद पडलंय.

सर, ४० टक्क्यांचं तुमचं म्हणणं आता तितकं सरळ राहिलेलं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससीच्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि लेखनिकासाठी ४० टक्क्यांचा उंबरठा लावणं चूक ठरवलं. पुढच्या वर्षी केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी सूचनाही काढल्या. त्या भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांसाठी होत्या, पण मंडळाला अर्ज करताना निकालाचा उल्लेख करायला कोण अडवतंय? शिवाय शाळेसाठी २०१६ च्या कायद्याचं १७ वं कलम आहेच. जादा वेळ आणि लेखनिक हे दोन्ही त्यात नावानिशी लिहिलेलं आहे. सरांना दाखवा. भांडू नका, नुसतं दाखवा.

आता मुलीचं. मी दहावीला बसले मार्च १९९६ मध्ये. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला लागू झाला होता. आमच्या गावात तो एसटीने यायचा होता, अजून वाटेत असेल. लेखनिक कुणी विचारला नाही आणि मी मागितलाही नसता, तुमच्या लेकीसारखीच. इतिहासाच्या पेपरात 'जोड्या लावा' आलं. मला 'अ' गट दिसला. 'ब' गट उजव्या कडेला होता, तो मला दिसलाच नाही. वाटलं, छापायचा राहिला. पर्यवेक्षकांना विचारायची लाज. मग मी 'ब' गट माझ्या मनाने तयार केला आणि त्याच्याशी जोड्या लावल्या. पाचच्या पाच. घरी आल्यावर भावाने पेपर बघितला आणि पोट धरून हसला. मला त्यावर हसायला बरीच वर्षं लागली.

'रायटर आंधळ्यांना असतो' हे ती सरांना किंवा तुम्हाला सांगत नाहीये हो. स्वतःला सांगतेय. लेखनिक घेतला म्हणजे पुढचं सगळं आजच कबूल केलं असं वाटतं. ते समजावून जात नाही, निदान माझं गेलं नव्हतं. त्यामुळे समजावण्याच्या भानगडीत पडू नका. घड्याळ लावा. इतिहासाचा ४० चा एक जुना पेपर तिचा ती लिहू दे, दुसरा कुणाला तरी सांगून लिहू दे. दोन्हीला दोन तास आणि वर चाळीस मिनिटं, कारण तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. मार्क तिलाच मोजू दे. लेखनिक न घेता नुसता जादा वेळ मागता येतो, हेही तिला कळू दे. हे तिसरं दार आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. पेपर वाचून दाखवायला कुणी आणि लिहायला ती स्वतः, हेसुद्धा विचारता येतं.

सासूबाईंच्या शिक्क्याबद्दल मी काही बोलत नाही. माझ्याही होत्या.

उधारीचा_हात

मी लेखनिक होते. नववीत मिरजेत पहिल्यांदा, नंतर कॉलेजच्या मुलांसाठी पुष्कळदा. टॉर्चवाली ताईंनी वर सगळं सांगितलंच आहे, मी फक्त बाकावरचं सांगते.

सांगून लिहिणं हे वेगळंच काम आहे आणि त्याची सवय लेखनिकापेक्षा परीक्षार्थीला जास्त लागते. माणूस मनात उत्तर तयार करतो ते तुकड्यांत, आणि हात ते जोडून घेतो. हात दुसऱ्याचा असला की जोडकाम तोंडाने करावं लागतं. 'परिच्छेद', 'पूर्णविराम', 'खाली रेघ', 'ही ओळ खोड' हे सगळं उच्चारायचं. पहिल्या दिवशी सगळे चिडतात. किमान पाच-सहा पेपर एकत्र लिहा. पेपर हातात आला की लेखनिकाने आधी सगळा वाचून दाखवायचा, मार्कांसकट. 'जोड्या लावा' दोनदा!

शुद्धलेखन कुणाचं, हा वाद होतोच. मराठीच्या पेपरला नववीतली मुलगी 'स्थिती'तल्या 'स्थि'ला दुसरी वेलांटी देणार आणि 'आणि'च्या 'णि'लाही. त्यामुळे भाषेला निवडताना हुशार मुलगी बघू नका, हस्ताक्षर आणि वेलांट्या बघा.

एक कबुली देते. नववीतच होते. दहावीतला मुलगा, पूर्ण अंध, इतिहासाचं उत्तर सांगत होता. एक सनावळी चुकीची सांगितली. मला बरोबर माहीत होती. मी काही बोलले नाही, बोलायचं नसतंच. पण हात थांबला. एक क्षणच, पेन कागदावर टेकलेलं. तो म्हणाला, "थांब." आणि बरोबर सन सांगितला. पर्यवेक्षकांना काही कळलं नाही. त्या दिवसापासून मी चुकीचं उत्तर असलं तर जास्त भरभर लिहायला शिकले. तुमच्या मुलीच्या लेखनिकेला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पोरं कान लावून बसलेली असतात, एवढं खरं.

घंटा_झाली

२०२१ च्या निकालाबद्दल टॉर्चवाली यांचे आभार. मी निवृत्त झालो २०१७ ला. माझं मागे घेतो. बाकी अर्जाचं सांगितलं ते तसंच. केंद्रावर वेगळी खोली मागा. बोलून लिहायचं म्हणजे बाजूच्या मुलांना त्रास आणि तुमच्या मुलीला संकोच. खोली उत्तरेकडच्या खिडकीची मिळाली तर बघा, ऊन येणार नाही.

शिलाईमशीन

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय, घरात महाभारत चालू होतं.

घड्याळ लावलं. तिचं तिने लिहिलं त्यात चाळीसपैकी २९ मार्कांचं झालं आणि संपल्यावर डोकं धरून झोपली. दुसरा पेपर शेजारच्या नववीतल्या मुलीला सांगून लिहिला. पूर्ण झाला, वर पंधरा मिनिटं उरली. पण दोघींचं कडाक्याचं भांडण. ती पूर्णविराम सांगते आणि ही शब्दात 'पूर्णविराम' लिहिते! तीन ठिकाणी लिहिलंय. मी मशीनवर बसून ऐकत होते, टीप वाकडी गेली.

मार्क तिने मोजले. काही बोलली नाही. रात्री झोपताना म्हणाली, भाषा आणि इतिहास-भूगोल तिला देऊ, बीजगणित मी लिहिणार, समीकरण मला डोळ्यासमोर लागतं. मी हो म्हटलं. असं अर्धं-अर्धं चालतं का? आणि भूमितीचं काय? प्रमेय ती लिहील, पण कंपासचं टोक बिंदूवर नेमकं टेकत नाही, अर्धा-अर्धा सेंटिमीटर हुकतं.

टॉर्चवाली

अर्जात विषयवार लिहून द्या, कुठल्या पेपरला लेखनिक आणि कुठल्या पेपरला नुसता जादा वेळ. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) वेगवेगळ्या पेपरला वेगवेगळे लेखनिकसुद्धा चालायचे, भाषांसाठी तर मुद्दाम तसं म्हटलं होतं, फक्त एका विषयाला एकच. त्याही मुख्यतः स्पर्धा परीक्षांसाठी, पण दाखवायला बऱ्या. भूमितीच्या आकृत्यांचं मंडळाकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. आणि बीजगणित तिचं तिला लिहू द्याच. काळं जाड पेन द्या, बॉलपेन नको.

'पूर्णविराम' वाचून ऑफिसात एकटीच हसले.

शिलाईमशीन

पेन आणलं. मुख्याध्यापकांना उद्या कायद्याचा कागद दाखवते. फील्ड टेस्टची तारीख सोमवारची मिळालीय. सासूबाई सोबत येतो म्हणतायत. शिक्क्याचं काही बोलल्या नाहीत, ते बटणाचं मशीन त्यांना बघायचंय म्हणे.